वायला गिलास

प्रभूच्या मेजासमोर सगळी माणसं सारखी असतात. मंगरूळपीरच्या आमच्या चर्चमध्ये हे भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं. त्याच्याखालचा पहिला बाक पंचांसाठी राखीव होता.

त्या रविवारी मी आणि याकोब मेजापुढे गुडघे टेकून बसलो होतो. प्रभुभोजन चाललेलं. चांदीचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागत पुढे सरकायचा, पाळक रुमालानं काठ पुसायचे. शेजारची मार्थाबाई प्यायली. मग माझी पाळी. प्याला आला नाही. पंच शिमोनभाऊंनी पत्र्याचा ट्रे पुढे केला. त्यात काचेचा गिलास. चहाच्या टपरीवरचा, काठाचा टवका उडालेला. ट्रेवर तो वाजला.

"हा तुमचा दोघायचा," शिमोनभाऊ हळूच म्हणाले. "बंद कुठी केलं तुमाले? वायलं केलं फक्त."

वेगळं. त्या गिलासाला मी ओळखत होतो. माझा आजा हॉटेलाबाहेरच्या देवळीतून आपला कप काढायचा. मालक वरून चहा ओतायचा. पिऊन आजा कप विसळायचा आणि परत देवळीत ठेवायचा. त्याला वाचता येत नव्हतं. गोऱ्या पाद्र्याच्या ओठांचा प्याला आपल्या ओठांना लागला, तेवढ्यावर तो ख्रिस्ती झाला. शिमोनभाऊंचा आजाही त्याच दिवशी, त्याच प्याल्यावर.

त्या वर्षी मंडळीत दोन तट पडले होते. अर्ध्यांना शहरातून आलेले नवे पाळक हवे होते, अर्ध्यांना खेड्यापाड्यांत सायकलवर फिरणारे जुने उपदेशक. पवित्र आत्मा आपल्याच बाजूला आहे, असं दोन्ही तट सांगत. आत्म्यानं स्वतः काही कळवलं नव्हतं. याकोब सुतार. ते सागवानी मेज त्याच्याच हातचं. उपासनेत पेटीही तोच वाजवायचा, आणि गाणारी माणसं त्याचं ऐकायची. म्हणून दोन्ही तटांना तो हवा होता.

"जो उभा राहीन त्याच्या मागं वाजवीन," याकोब म्हणाला. "भांडन तुमचं हाये. पेटी मंडळीची हाये."

मग दोन्ही तटांना एकदम दिसलं की आम्ही एका घरात राहतो. मी शाळामास्तर, तो सुतार, चूल एक. इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं. आमचं लग्न कुणी लावलं नव्हतं. त्याला ताप आला की मी रजा काढायचो. मी रागानं उपाशी झोपलो की तो ताट घेऊन उठवायचा. एकमेकांना दिलेलं वचन एवढंच होतं, आणि ते आम्ही मोडलं नव्हतं.

शिमोनभाऊ घरी येऊन गेले होते. "लगन करून टाका. धनजची पोरगी हाये पाह्यन्यात."

"दोघायसाठी एकच पाह्यता का, भाऊ?" याकोब म्हणाला.

ते हसले नाहीत. त्याचं उत्तर ट्रेमधून आलं. ज्यांचं एका गीतावर एकमत होत नव्हतं, त्या दोन तटांचं त्या गिलासावर झालं होतं.

याकोबचा हात गिलासाकडे निघाला. आज्ञाधारकपणे. त्याच्या बोटांना सागाचा वास होता. त्याच मेजाच्या कडेवरून ती बोटं पुढे सरकत होती. मी गिलासावर तळहात ठेवला.

"सगळ्यायच्या प्याल्यातून द्या," मी मोठ्यानं म्हणालो. "नाईतर नोका देऊ."

पाळकांनी वर छताकडे पाहिलं. तिथे पाल होती.

मार्थाबाई म्हणाली, "उठा ना बापा, मांगं लोकं उभे हायेत."

आम्ही उठलो नाही. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी येऊन पिऊन गेले. शेवटच्या गीताला पेटी वाजली नाही. पेटीवाला गुडघ्यांवर होता.

अजूनही शेलूबाजारच्या स्टँडवर कुणी ट्रेवर गिलास आपटला की माझी मान गार पडते. आजा दिसतो. देवळीत हात घालून चाचपडतो. काय शोधतो, सांगत नाही. माझ्याकडे वळूनही पाहत नाही.

पुढे मंडळी फुटली. उपदेशकांच्या तटानं वेगळं चर्च काढलं. दोघांनीही आम्हाला बोलावलं नाही. जिथे याकोबचं मेज आहे तिथे आम्ही जातो. प्रभुभोजनाला पुढे होतो, गुडघे टेकतो, शेवटच्या आशीर्वादापर्यंत उठत नाही. वायल्या गिलासातून पिणार नाही. चर्च सोडणार नाही. एकमेकांना तर नाहीच.

चांदीचा प्याला कोणत्या तटाचा, हा वाद मिटलेला नाही, म्हणून तो कुलपात आहे. आता दोन्ही चर्चमध्ये प्रत्येकाला छोटा वायला गिलास मिळतो. एका प्याल्यानं रोग पसरतात, असं पंचांनी ठरवलं आहे.