कुड्याच्या सालीतलं कडू

पंत गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी काढा घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर डोळे मिटूनच म्हणाले, "साल कुठली?" म्हटलं, "आपल्याच दुकानातली." "दुकानात साल उगवत नाही, गणू." हेच शेवटचं बोलणं... माणसानं जाताना काही बरं बोलावं की नाही! महिना होऊन गेला, माझा राग जात नाही.

विष्णुपंतांचं जव्हारच्या बाजारात औषधांचं दुकान. मी मालवणकडचा, चौथीतून शाळा सोडलेला. पोटासाठी इतक्या लांब आलो आणि त्यांच्याकडे औषधं कुटायला राहिलो. पंत मुंबईला रसायन शिकून आलेले. कुड्याची साल म्हणजे जुलाबावरचं साधं औषध, इथं घरोघरी घेतात. पण ह्यांनी ती आधी वस्तऱ्यानं कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ कापायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि दगडासारख्या टणक पेशींचे पुंजके दिसले की म्हणायचं, "ही खरी साल. लाकूड चिकटलेलं काढून टाक, गुण सालीत आहे." मग आम्लात अर्क काढून त्यात आयोडीनचं पाणी. तपकिरी साका धरला तर अल्कलॉइड आहे, म्हणजे कडू सत्त्व आहे. तोवर गिऱ्हाईक दारात पोट धरून उभं!

एका पावसाळ्यात मीच आवेनं पडलो. रक्त जायला लागलं. परमुलखात मेलो तर आईला कळायलाही महिना लागेल, ह्या धास्तीनं मी रडत होतो. दुकानातली साल संपलेली, म्हणून पंतांनी पोशेरे गावात, रानातली साल आणून देणाऱ्या बुधीबाईला निरोप धाडला आणि तिसऱ्या दिवशी ती साल घेऊन आली. ती उंबऱ्यात टेकली. आणि पंत काय करत होते? काचेची नळी उजेडाला धरून बसले होते.

"पंत, उकळा हो ती!"

"थांब."

"मी मेल्यावर उकळणार?"

"साका येत नाही, गणू. पेशी बरोबर आहेत, साल कुड्याचीच आहे, पण आत काही नाही. असं होत नाही."

पुन्हा काप, पुन्हा अर्क. वाटलं, हा माणूस माझ्या मढ्याचाही काप काढून बघेल... शेवटी ते बुधीबाईकडे वळले. "बाई, हिला काय केलंस?"

"काय नाय, बाबा. दोन राती वढ्याच्या धारंत ठेवली, कडू कंद ठेवतो तशी. ह्यो पावना परमुलखाचा, कडू कसा गिळंल? म्हून गोड करून आनली."

रानातले कडू कंद वाहत्या पाण्यात ठेवले की खाण्याजोगे होतात. तिनं मायेनं तेच केलं होतं. पंतांनी कपाळावर हात मारला. "अगं, औषधच धुऊन टाकलंस की!"

"आता गं बया!" म्हणत ती कोयता घेऊन भर पावसात उतारावर गेली आणि ताजी साल घेऊन आली. पंतांनी तीही तपासली... हो, तीही! साका धरला तेव्हाच चूल पेटली. त्या काढ्याइतकं कडू मी जन्मात काही प्यालो नाही. ह्या माणसानं मला जगवलं, आणि त्याचे पाय धरायचे तर आधी हात स्वच्छ धू म्हणाला असता.

परवा खोडाळ्याहून एकजण बायकोला बैलगाडीत घालून आला. तिलाही आव. मी वस्तरा काढून बसलो तसा तो ओरडला, "अरं, ती चालली, अन् तू काच काय बघत बसला?" त्याचं बरोबरच होतं. आता ह्या शिव्या माझ्या वाट्याला, आणि पंत सुटले! तरी नळी उजेडाला धरून बसलो. हळूहळू पाणी गढुळलं, तपकिरी झालं. मग त्याला म्हटलं, "चूल पेटव."