ग्रहणात कापलेली पाने

राजाबाईंची व माझी ओळख निपाणीच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. त्या माझ्याच पाटीवर गिरवत असत. आम्ही दोघी विड्या वळणाऱ्या. पुढे त्या माझ्या शेजारच्या खोलीत राहावयास आल्या.

१९८०च्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण लागले, तेव्हा राजाबाईंना तिसरा महिना होता. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरू-कापू नये, असा आमच्याकडे नेम आहे. सासूने त्यांना आत निजवले होते. परंतु विड्यांसाठी भिजवलेली पाने वाया जातील, म्हणून त्यांनी कात्री घेऊन दहा-बारा पाने कापली. हे मी पाहिले.

श्रावणात सोनी जन्मली. डोके लहान, आणि रडणे हुबेहूब मांजरासारखे. पहिल्या दिवशी मी स्वतः झाडू घेऊन मांजर हाकलायला उठले होते. सासू राजाबाईंना म्हणाली, "मांजराचं पिल्लू घातलंस व्हय गं?"

सोनी दोन वर्षांची झाली तरी बसेना. बेळगावच्या डॉक्टरांनी तिचे रक्त मुंबईस पाठवले. अहवाल आला तेव्हा मी सोबत होते. तो इंग्रजीत होता; माझी अक्षरे तेथे उपयोगी पडली नाहीत. डॉक्टरांनी आमच्या कामावरून समजावले. शरीराच्या कणाकणात गुणसूत्रे नावाचे धागे असतात. विडीचे तोंड मिटवतात, तशी त्यांची टोके मिटलेली असतात. झाडे, किडे, माणसे, सर्वांत ही रीत फार पुरातन आहे. सोनीच्या एका धाग्याचा शेंडा तुटला. तुटल्या जागी टोक पुन्हा मिटले, पण गेलेला तुकडा परत येत नाही.

राजाबाईंना हे लगेच समजले. पान आखूड पडले तरी तोंड मिटते. पण कारखान्यातला तपासनीस ती विडी बाजूला टाकतो.

"म्हंजे शेंडा कापला गेला," त्या म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, तो बीजातच तुटला होता, गर्भ राहण्याच्याही आधी. परतीच्या गाडीत मी हेच तीनदा सांगितले.

"आक्का, तुम्ही व्हतासा की तितं. कात्री माझ्या हातात हुती."

 त्यानंतर त्यांनी पान कापले नाही. त्यांची पाने मी कापून देत असे.

१९८६ साली त्यांचा दमा बळावला. सोनीला तेव्हाही एक शब्द येत नव्हता. उठवत नव्हते, तरी त्यांनी मला बोलावून घेतले.

"आक्का, माझ्या माघारी सोनी रडली तर मांजर समजून दार लावू नगासा."