बिनदेठाचे झेंडू

टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या घराजवळून धावायला तीन वाटा आहेत. एक कालव्यासारख्या सरळ नदीच्या काठाने, चेरीच्या झाडांखालून. दुसरी इमारतींच्या मधल्या हिरव्या पट्ट्यांतून, एका बागेतून दुसऱ्या बागेत जाणारी. तिसरी समुद्राच्या भिंतीवरची. मला तिसरीच आवडायची. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की पाण्यापलीकडे फूजी दिसतो आणि आपण काहीतरी थोर करतोय असं उगाचच वाटतं.

२०११ च्या मोठ्या भूकंपानंतर ती वाट बंद झाली. ही सगळी जमीन समुद्रात भराव घालून केलेली. ती हलली तेव्हा खालून राखाडी चिखल वर आला, मॅनहोल जमिनीबाहेर आले, विजेचे खांब कलले. ओळखीची बरीच मराठी कुटुंबं परत गेली. आम्ही राहिलो. त्यात शौर्य काही नव्हतं, मी हट्टी आहे इतकंच. बाकीच्या दोन वाटांवर मी मान खाली घालून धावायला शिकले, कारण कालची सपाट फरशी आज कुठे खचली असेल याचा भरवसा नव्हता.

नळाला पाणी नव्हतं त्या दिवसांत टँकरच्या रांगेत मी घरातली दोन पातेली घेऊन उभी होते. मागे मोठ्या टोपीतल्या एक जपानी आजी होत्या. त्यांनी माझ्या पातेल्यांकडे पाहिलं, काही न बोलता आपल्याकडचा झाकणाचा एक कॅन माझ्या हातात दिला आणि तो चौथ्या मजल्यापर्यंत उचलायला हातही लावला. पुढे आमच्या इमारतीजवळच्या बागेतला चिखल उपसून झाला तेव्हा याच आजींनी आसपासच्या म्हाताऱ्या मंडळींना गोळा करून तिथे फुलांचे वाफे केले. धावताना मी रोज त्यांना मान लववायची आणि त्याही टोपीसकट लववायच्या.

दोनेक वर्षांनी भिंतीची वाट पुन्हा खुली झाली आणि त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर सासूबाई आमच्याकडे आल्या. सासरे जाऊन काही महिने झाले होते. पुण्यात त्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. म्हणून आम्ही त्यांना घेऊन आलो, तर त्या इथल्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. काही विचारलं की "बरं" म्हणायच्या, तेही इतक्या हळू की दोनदा विचारावं लागे. ज्या बाईंचा आवाज पुण्यात खाली दूधवाल्यापर्यंत पोचायचा, त्यांचं ते "बरं" उशीपलीकडेही जात नव्हतं.

एके सकाळी माझं डोकं फिरलं. बूट घालून मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "आई, तुम्ही बागेत बाकावर येऊन बसणार असाल तर मी धावायला जाते. नाहीतर मीही इथेच आडवी होते."

"अगं, तुझी सवय कशाला मोडतेस," म्हणाल्या आणि उठल्या.

मी त्यांना बागेत बसवून समुद्राच्या भिंतीकडे धावत जायची आणि परत येताना घेऊन यायची. आधी त्या बाकावरच असत. मग बाकाभोवती फिरताना दिसू लागल्या, मग सगळ्या बागेला चक्कर घालू लागल्या. येताना पुण्याहून आणलेला छोटा बाळकृष्ण बॅगेतच पडून होता, तो एक दिवस मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर येऊन बसला. मी ऑफिसला निघाले की त्या पूजा करायच्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात टोपीवाल्या आजींनी मला धावताना थांबवलं. चेहरा अवघडलेला होता.

"वाफ्यातली फुलं कुणीतरी नेतंय," त्या म्हणाल्या. "नवल म्हणजे देठ तसेच असतात. नुसती फुलं जातात."

वाफे करणाऱ्यांतले एक गृहस्थ काय लावायचं यावरून भांडून गेले होते. सगळ्यांना त्यांचाच संशय होता आणि चौकीवर सांगावं असं घाटत होतं. फुलदाणीसाठी नेणारा देठासकट नेईल. देठ सोडून नुसतं फूल खुडणारं माणूस या अख्ख्या गावात एकच होतं, आणि वाफ्यात होते झेंडू.

घरी येऊन फळीवर पाहिलं. बाळकृष्ण झेंडूत गळ्यापर्यंत बुडाला होता.

सासूबाईंना मी काय दोष देणार? पुण्यात सकाळी फिरायला निघणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात पिशवी असते. कुंपणाबाहेर डोकावलेलं फूल देवाचं, हा तिकडचा कायदाच आहे. काही जण तर उंच फांदीसाठी आकडीची काठी घेऊन निघतात आणि घरमालकाशी वर गप्पाही मारतात. इथे तर कुंपणही नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आईला सांगून टाक."

"तू सांग ना. तुझी आई."

तो उठून भांडी विसळायला लागला. मला चीड आली, पण तो का टाळतोय तेही कळत होतं. आपण लोकांची फुलं चोरली, आपल्यामुळे कुणा भल्या माणसावर आळ आला, हे कळलं की त्या पुन्हा त्या अंथरुणात शिरणार. आणि या खेपेला तिथून त्यांना उठवायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी रीतसर कागदात बांधलेला मिठाईचा खोका घेऊन मी आजींच्या दारात गेले. माझं जपानी ऑफिसातलं. त्यात माफीची वाक्यं भरपूर, पण सगळी सर्व्हर बंद पडल्याची. त्यातली तीन-चार सलग म्हणून टाकली आणि कंबरेत वाकूनच राहिले. मग जमेल तसं सगळं सांगितलं.

"देवाला?" आजींनी विचारलं. "मग देठ का नाही?"

"देवाच्या डोक्यावर ठेवायचं असतं. देठ कुठे ठेवणार?"

आजींनी तोंडावर हात धरला आणि दारातच खाली बसून हसत सुटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे आमच्यातलं कुणी नव्हतं. बाई गं, दोन रात्री मला झोप नव्हती."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले. सासऱ्यांचं सांगितलं, त्या अंथरुणाचं सांगितलं आणि सासूबाईंना हे कळू देऊ नका म्हणून विनवलं. आजींनी मिठाईचा खोका बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "माझे गेले तेव्हा मी पडदे उघडत नसे." बाकीच्यांशी आपण बोलू, पुढचंही बघू, एवढंच म्हणाल्या. काय बघणार ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीपर्यंत जाणं काही जमेना. अर्ध्यातूनच वळले. बागेत पाहते तर आजी आणि सासूबाई वाफ्याशी उकिडव्या बसलेल्या. सासूबाईंनी पदर खोचलेला, हातात मोजे, डोक्यावर आजींच्यासारखीच टोपी. घरी येताना वाटभर सांगत होत्या.

"अगं, त्यांनी मला हात करून बोलावलं. कडेची रोपं दाखवली, हात जोडून वर बोट केलं. म्हणजे ती देवाची. बाकीच्यांना हात लावायचा नाही म्हणाल्या, खुणेनंच. बरोबर आहे. उठून कुणीही फुलं तोडायला लागलं तर बाग राहील का?"

"नाही राहणार, आई," मी म्हटलं. जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे हसू आवरणं फारच जड गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भिंतीवरून परत येत होते. बाग अजून वळणापलीकडे होती, तोच ओरडणं कानावर आलं.

"ओ! अहो ओ! दिसत नाही का? आवरा त्याला आधी!"

पळत पुढे गेले. झेंडूशी एक पाय वर करून उभं असलेलं चिमुकलं कुत्रं, त्याची दोरी ओढत लवून लवून माफी मागणारा एक सुटातला माणूस आणि त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून सासूबाई. खणखणीत पुणेरी मराठीत चाललं होतं. मागे आजी तोंडावर हात धरून उभ्या होत्या. सासरे गेल्यापासून हा आवाज मी ऐकला नव्हता. हा आवाज असा पुन्हा ऐकायला मिळेल, ही आशाच मी सोडून दिली होती, हे मला तिथे उभं असताना कळलं. गुडघ्यांवर हात टेकून मी वाकले आणि घामाबरोबर डोळ्यांतलंही टपटप खाली पडू लागलं.

तो बिचारा लवतच होता, सासूबाई झापतच होत्या. मध्ये पडून सोडवायला हवं होतं. मी नाही गेले. म्हटलं, झापू दे. चांगलं भरपूर झापू दे.