नईमच्या बोडीचं हिरवं पाणी

नईमचा प्रयोग माझ्यामुळे फसला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मागच्या महिन्यात त्याच्या मुलीचा चंद्रपूरहून फोन आला, "अंकल, अब्बा गेले," तेव्हा मनात पहिल्यांदा हेच आलं. रडू आलं नाही. फोन ठेवला आणि कपात उरलेला चहा पिऊन टाकला...

आम्ही दोघं तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. मी गोंडपिपरीच्या धानवाल्या घरातला, म्हणून तो मला नावाने कधी हाक मारायचा नाही, नुसतं "ए गोंडपिपरी!" त्याच्या वडिलांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यामुळे विकर, म्हणजे एन्झाइम, कसं काम करतं, हेही तो पोरांना कुलूप-किल्लीवरूनच शिकवायचा. चामोर्शीकडच्या एका बोडीतून, म्हणजे धानाच्या बांध्यांजवळच्या लहान तळ्यातून, त्याने पाणी आणलं होतं. त्यातलं शेवाळ इतकं बारीक, की पाणीच हिरवं वाटावं. "साखर आतमधी हाय, पण बंद हाय," तो म्हणायचा. सडक्या तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, वाढवलेल्या बुरशीचं विकर शेवाळाच्या पेशींची भिंत फोडेल, साखर सुटेल आणि ती यीस्टला खाऊ घालून अल्कोहोल करता येईल, असा त्याचा हिशेब. "मंग पाह्य गोंडपिपरी, तुह्या बोडीवर फटफटी चालवतो का नाई!"

त्या उन्हाळ्यानंतर त्याची प्रयोगाची खोली कॉम्प्युटरसाठी जाणार होती, आणि हिवाळाभर जमवलेलं विकर एकाच खेपेपुरतं होतं. वीज सारखी जायची, म्हणून आम्ही गच्चीवर उन्हात पाण्याचं घमेलं ठेवून त्यात शेवाळ आणि विकर घातलेला चंबू बसवला. चंद्रपूरच्या मे महिन्यात हीटर कशाला हवा! ऊब कमी पडली तर विकर सुस्त, जास्त झाली तर मेलं. त्या दिवशी नईमला नात्यातल्या एका निकाहला जावं लागलं. जाताना म्हणाला, "हात घालून पाह्यत जाय. हाताले सोसलं नाई का सावलीत घे. अन् झोपू नको, माह्या बापा."

मी झोपलो. जेवून, खाली कूलरसमोर. जाग आल्यावर गच्चीवर धावलो, पाण्यात बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. मग माठातलं पाणी ओतून घमेलं निववलं. हे घाबरून नाही, त्याला कळू नये म्हणून नीट विचार करून केलं.

संध्याकाळी त्याने नळीत निळं रसायन घालून उकळलं. साखर असती तर विटकरी रंग आला असता. निळंच राहिलं.

"काऊन रे, पाणी लय तापलं तर नव्हतं ना?"

"नाई."

"मंग शेवाळच फुसकं निघालं. चाल, चहा पिऊ."

दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही. खोली गेली. बोडीचं नावही त्याने पुन्हा काढलं नाही. पुढे कित्येक वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबे खाल्ले. सांगायला रोज दुपार होती...

परवा त्याच्या घरी गेलो. खिडकीत तोच चंबू, तळाशी हिरवट कड तशीच. भाभी म्हणाल्या, "बहुत मेहनत केली होती त्यायनं. म्हणत, आपलं शेवाळच फेल गेलं." मी चंबू उचलला, परत ठेवला आणि "हो" म्हणालो.

शेवाळ फेल गेलं नव्हतं. साखर सुटली असती की नाही, मलाही ठाऊक नाही. मी त्याची परीक्षाच होऊ दिली नाही. इथे लिहिलं, तरी भाभींसमोर बसून तोंडाने हे सांगणं मी अजून देणं लागतो.