अंगठ्याची जागा

नात इंजिनीअर आहे. काल तिनं टॅबच्या काचेवर अजून न बांधलेली इमारत दाखवली.

"आबा, हे नुसतं चित्र नव्हे. भिंतीच्या पोटातला नळ, वायर, दार कुणी बनवलं, सगळं यात असतं."

"आणि गवंडी?"

"त्याचं नाव नसतं हो."

जन्मभर गवंडीकाम केलं. गिलावा ओला असताना खिडकीखाली अंगठा उमटवायचो. घरमालकाला कधी सांगितलं नाही. भिंत माझी, हे मला ठाऊक असलं की झालं. या काचेत ओलं काहीच नाही, मग माणूस उमटणार कुठं?

तरी मी अंगठा दाबलाच, अन् सवयीनं जरा फिरवला.

"आबा, डाग पडेल!"

डाग राहू दे. आख्खी इमारत हळूच माझ्याकडं तोंड करून वळली.