परीक्षेतली केस

टेलर मास्तरांना वर्षातून एकदा मान मिळे, आणि तोही आडवं पडून. मेडिकल कॉलेजची शेवटच्या वर्षाची परीक्षा आली, की वॉर्डाच्या सिस्टरचा फोन यायचा, "मास्तर, येताय ना? तुमच्यासारखी केस नाही हो दुसरी." मग मास्तर दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट चढवून असे निघत, की वाटावं स्वारी लग्नाला चालली आहे. एरवी त्यांना घालूनपाडून बोलायलासुद्धा घरात माणूस नव्हतं.

केस म्हणजे त्यांची मूत्रपिंडं. दोन्हींमध्ये पाण्याच्या पिशव्या धरलेल्या, आणि त्या वाढून वाढून पिंडं एवढी थोरली झालेली, की नवशिक्यानं पोटावर हात ठेवला तरी लागावीत. दुखणं वडिलांकडून आलेलं. कधी कुशीत कळ, कधी लघवीला लाल, रक्तदाब कायम चढलेला. डायलिसिसची मनाची तयारी ठेवा, असंही डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

परीक्षेची पोरं यायची, गार हात एकमेकांवर चोळायची आणि "दुखलं तर सांगा हं काका" म्हणत पोट चाचपायची. मास्तरांना ते फार बरं वाटे. जन्मभर त्यांनी लोकांच्या खांद्याकमरेला टेप लावली; बायको गेल्यापासून त्यांच्या अंगाला मात्र कुणाचा हात लागला नव्हता. आता कुणी हसेल याला. हसो बापडा. एकटं राहून बघावं आणि मग हसावं.

आजाराचं नाव तेवढं पोरांना सांगायचं नाही, बाकी विचारतील ते खरं सांगायचं, असा तिथला नियम. मास्तरांची सगळी उत्तरं पाठ झाली होती. त्यातलं एक धडधडीत खोटं होतं.

झालं होतं असं, की मास्तरांच्या एकुलत्या एक मुलानं दुकान चालवायला नकार दिला. "तयार कपड्यांच्या जमान्यात कोण येणार तुमच्याकडे?" एवढंच तो म्हणाला, आणि तेही खोटं नव्हतं. पण मास्तरांचा राग नाकाच्या शेंड्यावर. "चालता हो. आजपासून मला मुलगा नाही!" पोरगाही बापाचाच, बॅग भरून दूरच्या शहरात निघून गेला. त्यानंतर काही महिन्यांतच मास्तरांच्या लघवीत रक्त दिसलं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "मुलंबाळं?" मास्तर हिसक्यासरशी म्हणाले, "नाहीत." सुंभ जळाला तरी पीळ जायला नको का? डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि तो विषय तिथंच संपला. पुढं दरवर्षी पोरांनाही तेच उत्तर मिळत गेलं.

यंदाचे परीक्षक म्हणजे एक म्हातारे, खवट गृहस्थ. डॉक्टरी भाषेत पोपटपंची केलेली त्यांना खपत नसे. समोर उभी होती एक बारकीशी मुलगी, घामाघूम झालेली. तिनं निदान बरोबर सांगितलं. मास्तरांनाच हुश्श झालं.

"मुलांबद्दल काही विचारलंस?" परीक्षक म्हणाले.

"मुलं नाहीत म्हणाले, सर."

"आणि असती तर? पेशंटला कळेल असं बोल."

"प्रत्येक मुलाला हा आजार असण्याची शक्यता निम्मी निम्मी असते. त्यांना आधी रक्तदाब मोजून घ्यायला सांगितलं असतं, मग सोनोग्राफी. सुरुवातीला काहीच त्रास होत नाही, म्हणून कळत नाही. पण रक्तदाब वेळेवर आटोक्यात आणला, तर मूत्रपिंडं जास्त वर्षं टिकू शकतात."

"शाबास," म्हणत परीक्षक पुढच्या खाटेकडे वळले. वडिलांचं दुखणं आपल्याला आलं हे मास्तर दरवर्षी घडाघडा सांगत होते, पण आपल्यापुढेही कुणीतरी आहे, हा विचार त्यांच्या रागानं कधी मनात येऊच दिला नव्हता. सिस्टरनं आणलेला चहा तसाच राहिला.

घरी येऊन त्यांनी मेहुणीला फोन लावला. मुलाचा नंबर तिच्याकडेच होता. "आत्ता जाग आली होय?" तिनं आधी पोटभर ऐकवलं आणि मग नंबर दिला. मास्तरांनी एकेक आकडा दोनदा ताडून दाबला. त्यानं ओळख दाखवली नाही तर? फोन आपटला तर? आपटू दे, पण आधी एवढं ऐकून घेऊ दे.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "ठेवू नकोस. फक्त एक कर. रक्तदाब मोजून घे आणि पोटाची सोनोग्राफी कर."

"केलीय," मुलगा म्हणाला. "गेल्या वर्षी. डोकं सारखं दुखायचं म्हणून गेलो होतो. दोन्ही मूत्रपिंडांत गाठी आहेत, पाण्याच्या. पण तुम्हाला कुणी सांगितलं? मावशीलासुद्धा बोललो नाही मी."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"आहेत."

"तिथं बरोबर कोण येतं?"

"कोण येणार?" तो कोरडं हसला. "डॉक्टर विचारतात, घरात कुणाला आहे का हा आजार. मी सांगतो, माझ्या माहितीत तरी कुणालाच नाही. एवढं मोठं जग सोडून माझ्याच वाट्याला कसं आलं, हेच कळत नाही बाबा. रात्र रात्र तोच विचार करतो."

मास्तरांना हुंदका आला. त्यांनी तो आवरला नाही.

"माझ्याकडून आलंय रे," ते म्हणाले. "मलाही तेच आहे."

त्यानंतर कितीतरी वेळ फोन कुणीच ठेवला नाही.