पंपावरचा जास्वंदीचा पाइप

मालवणच्या आमच्या पेट्रोल पंपावर पेट्रोल भरणारा माणूस नळी उचलण्याआधी जमिनीत गाडलेल्या एका लोखंडी पाइपाला हात लावतो आणि गिऱ्हाइकालाही लावायला सांगायचा. पावसाळ्यात त्याचा एवढा आग्रह नसायचा. डिसेंबरात हवा कोरडी झाली, की मात्र तो कोणालाच सोडायचा नाही.

"गाडीच्या सीटीर घासान आंगार वीज साचता. ती आधी जमनीत सोडा, मगे झाकण उघडा. ठिणगी पडली तर तुमी, मी, पंप, सगळाच वर जायत!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. घासल्यावर इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे जातात आणि कोरड्या हवेत तिथेच अडून बसतात, हे सांगून माझा घसा सुकतो. त्याचाही सुकायचा. लोक हसायचे आणि हात खिशातच ठेवायचे.

यंदा पेट्रोल भरायला गेलो, तर त्या पाइपावर जास्वंदीचं फूल दिसलं. रांगेतला प्रत्येक जण आपणहून पाइपाला हात लावून तो छातीला लावत होता. एका बाईंनी नव्या स्कूटरसाठी तिथे नारळही ठेवला. देव कुठला, हे कोणीच विचारत नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही हे फूल ठेवू कसं दिलंत?"

"ठेवूक दिलंय? रोज सकाळी मीच ठेवतंय," तो शांतपणे म्हणाला. "वीज सांगलंय तेव्हा सगळे हसले. आता काय सांगूकच लागणा नाय. मास्तर, तुमी हात लावा बघू."

मी लावला. तोच हात सवयीने छातीकडे निघाला होता. तो मी घाईघाईने टाकीच्या झाकणाकडे वळवला.